‘भटकणे’ या शब्दाचा अर्थविस्तार आणि भटक्यांचा पत्ता : मुंबई उपनगरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत ‘भटका’ आणि ‘भटक्या’ हे शब्द दररोज तीन वेगवेगळ्या अर्थांनी कानी पडतात. महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे नागरिक ‘भटक्या कुत्र्यांची’ तक्रार करतात. तहसील कार्यालयात ‘भटक्या जमाती’ या प्रवर्गाच्या दाखल्यासाठी अर्ज दाखल होतात. शनिवारी पहाटे मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवली स्थानकातून पाठीवर पिशवी घेऊन सह्याद्रीकडे निघालेला तरुण स्वतःला कौतुकाने ‘भटक्या’ म्हणवून घेतो. मालक नसलेला प्राणी, स्थिर वस्ती नसलेला समाज आणि सुट्टीच्या दिवशी गडकोट पाहणारा नोकरदार या तिघांना मराठीने एकाच शब्दाने ओळखावे, ही बाब भाषेच्या अभ्यासकाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावी लागते.

शब्द एक असला तरी त्याला मिळणारी प्रतिष्ठा एक नाही. पहिल्या अर्थात उपद्रव आहे, दुसऱ्यात मागासलेपण आहे आणि तिसऱ्यात छंद आहे. हा फरक भटकण्याच्या क्रियेतून निर्माण झालेला नाही, कारण क्रिया तिन्ही ठिकाणी सारखीच आहे. भटकणाऱ्याला परतण्यासाठी घर आहे काय, आणि ते त्याला कागदावर दाखवता येते काय, यावर शब्दाची किंमत ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही किंमत कशी ठरत गेली याचा मागोवा कान्हेरीच्या शिलालेखांपासून विसाव्या शतकातील जात-प्रमाणपत्राच्या नियमांपर्यंत घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

शब्दांचे कूळ

मराठीत निश्चित मुक्कामाशिवाय चालत राहण्याच्या क्रियेसाठी अनेक शब्द आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. पहिला गट संस्कृत ‘अट्’ या धातूचा. ‘अटन’, ‘भिक्षाटन’, ‘तीर्थाटन’, ‘देशाटन’ आणि ‘पर्यटन’ हे शब्द त्यातून आले. दुसरा गट ‘भ्रम्’ या धातूचा. ‘भ्रमण’, ‘परिभ्रमण’, ‘भ्रमंती’ हे त्याचे शब्द असून ‘भ्रम’, ‘भ्रमिष्ट’, ‘भोवरा’ आणि ‘भोवळ’ हेही त्याच घरातले आहेत. वर्तुळात फिरणे आणि बुद्धीने फिरणे या दोन्ही कल्पना या धातूत एकत्र नांदतात. तिसरा गट बोलीतील, लोकव्यवहारातील शब्दांचा. हिंडणे, फिरणे, भटकणे, वणवणणे ही त्यातील क्रियापदे होत. ‘फिरस्ता’, ‘उनाड’, ‘उंडगा’ ही विशेषणे व नामे याच वर्गात येतात. अरबी-फारसीतून आलेला ‘मुशाफिर’ या सर्वांच्या शेजारी स्थिरावला.

‘भटकणे’ हे क्रियापद मराठीपुरते मर्यादित नाही. हिंदीत ‘भटकना’ आणि गुजरातीत ‘भटकवुं’ अशी त्याची रूपे आहेत. हिंदीत वाट चुकण्याची छटा ठळक आहे. मराठीत मात्र वाट चुकण्यापेक्षा प्रयोजन नसण्याचा भाव अधिक आहे. ‘कुठे भटकत होतास?’ या प्रश्नात रस्ता हरवल्याची काळजी नसते. कामाशिवाय बाहेर राहिल्याचा जाब असतो.

व्याकरणाच्या दृष्टीनेही या शब्दाकडे पाहणे उद्बोधक ठरते. ‘भटक्या जमाती’ या पदात ‘भटका’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी अनेकवचन आहे आणि ‘भटक्या कुत्र्यांचा’ या पदात त्याच विशेषणाचे सामान्यरूप आहे. ‘तो भटक्या आहे’ असे म्हणताना मात्र ‘भटक्या’ हे नाम होते आणि ते ‘रड्या’, ‘पळपुट्या’, ‘उचल्या’ यांच्या पंक्तीत जाऊन बसते. ‘या’ने शेवट होणारी अशी नामे एखाद्या कृतीला सवय मानतात आणि सवयीला स्वभाव ठरवतात. मनुष्य भटकतो या विधानापासून तो भटक्याच आहे या निर्णयापर्यंतचा प्रवास एका अक्षराचा आहे. वसाहतकालीन कायद्याने हाच प्रवास संपूर्ण समाजांच्या बाबतीत केला, हे पुढे दिसेल.

कान्हेरी : चारी दिशांचा संघ

उपनगरांतील भटकण्याचा सर्वांत जुना लिखित पुरावा बोरिवलीच्या पूर्वेस, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी असून इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे एक सहस्रक तेथे बौद्ध भिक्षूंचा वावर होता. अंधेरीच्या कोंदिवटे येथील महाकाली लेणीही याच परंपरेतील होत. लेणी ही मुळात चालणाऱ्यांची घरे होती. भिक्षूने वर्षाचा बहुतेक काळ चालत राहावे, पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका ठिकाणी थांबावे, असा विनयाचा दंडक होता. या चालण्याला ‘चारिका’ असे नाव होते आणि थांबण्याला ‘वर्षावास’. पुढे विहार कायमस्वरूपी वस्तीची ठिकाणे झाली, तरी चारिकेची प्रतिष्ठा ओसरली नाही.

कान्हेरीतील लेखांचा पद्धतशीर अभ्यास पुराभिलेखतज्ज्ञ शोभना गोखले यांनी केला. लेणे, पाण्याची पोढी, चीवरासाठी अक्षयनीवी अशी दाने या लेखांत नोंदली आहेत. दाते कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत आणि भिक्षुणीही आहेत. दात्याचे गाव, त्याचा व्यवसाय, कधी त्याच्या वडिलांचे नाव काळजीपूर्वक कोरलेले असते. ज्याला दान द्यायचे त्याचा उल्लेख मात्र काही लेखांत ‘चातुद्दिस’ म्हणजे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला, असा येतो. बौद्ध दानलेखांची ही रूढ परिभाषा आहे.

या परिभाषेचा ऐतिहासिक अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. दात्याला पत्ता आहे आणि घेणाऱ्याचा पत्ता चारी दिशा हा आहे. जो आज येथे आहे आणि उद्या नसेल, जो अजून आलेलाच नाही, अशाचाही त्या पाण्यावर आणि त्या निवाऱ्यावर हक्क मान्य केला आहे. स्थिर वस्ती नसणे ही येथे हक्काच्या आड येणारी बाब नाही. उलट, त्याच आधारावर हक्क दिला गेला आहे. दगडात कोरलेला हा व्यवहार कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापारी समाजाला मान्य होता, कारण तो समाज स्वतःही तांड्यांच्या आणि गलबतांच्या वाटेवर जगत होता.

अटन आणि स्थानपोथी

मराठी वाङ्मयाच्या प्रारंभकाळीही भटकण्याला हीच प्रतिष्ठा आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाने ‘अटन’ हा साधकाच्या आचाराचा भाग मानला. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’चा ‘एकांक’ हा भाग चक्रधरांच्या एकट्याने केलेल्या भ्रमणाचा आहे. पंथातील स्त्रियांनाही हा आचार खुला होता. महदंबेसारखी स्त्री घर सोडून पंथाबरोबर चालत राहिली आणि तिच्या चालण्याला कोणी उनाडपणा म्हटले नाही.

महानुभावांनी चक्रधरांच्या मुक्कामांची ‘स्थानपोथी’ तयार केली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या ओसरीवर ते थांबले याची नोंद या ग्रंथात आहे. एका जागी न राहणाऱ्या पुरुषाच्या आयुष्याची ती भौगोलिक वही आहे आणि आजही मध्ययुगीन महाराष्ट्राच्या स्थलनिश्चितीसाठी अभ्यासक तिचा आधार घेतात. भटकणाऱ्याची नोंद ठेवता येत नाही, हा समज किती अपुरा आहे, हे या एका ग्रंथावरून स्पष्ट होते. नोंद ठेवण्याची इच्छा असेल तर नोंद होते.

वारकरी परंपरेतील ‘वारी’ हा शब्द या गटातला असूनही वेगळा आहे. वारीला निश्चित तिथी, निश्चित वाट आणि घरी परतणे आहे. संसारी माणसाला घर न सोडता चालण्याचे पुण्य देणारी ही रचना होती. घर सोडून चालणे आणि घरी परतण्यासाठी चालणे यांतील ही फारकत पुढील काळात निर्णायक ठरली.

गावगाड्यातील फिरस्ते

संन्याशाशिवाय आणखी एक मोठा वर्ग महाराष्ट्रात सतत चालत होता. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, कुडमुडे जोशी, बहुरूपी, डोंबारी, वैदू, कैकाडी, वडार आणि लमाण यांची वर्दळ गावाच्या वार्षिक चक्राचा भाग होती. बलुतेदार गावात राहून सेवा देत असत, हे लोक गावात येऊन सेवा देत. औषध, करमणूक, भविष्यकथन, टोपल्या, दगडी जाती आणि मिठासारख्या मालाची वाहतूक त्यांच्याकडे होती. या समाजांच्या बाबतीत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण वापरली जाते. मुंबईच्या चाळीत भाड्याच्या खोलीलाही ‘बिऱ्हाड’च म्हटले गेले. घर आणि मुक्काम यांमधली ही अवस्था शहरी मराठी माणसाच्याही परिचयाची होती.

यांचे चालणे निरुद्देश नव्हते. कोणत्या हंगामात कोणत्या टापूत जायचे हे ठरलेले असे आणि एकाच समाजातील कुटुंबे आपसांत गावांची वाटणी करीत. नंदीबैलवाल्यांसारख्या समाजांचा कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिकार, चारा आणि गावे यांच्या वापराची शिस्त या समाजांत होती, असे त्यातून दिसते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या समाजांच्या जातपंचायती भरत. वर्षभर विखुरलेले लोक ठरावीक तिथीला ठरावीक ठिकाणी भेटत. ज्यांना दिनदर्शिका, मार्ग आणि न्यायसभा आहे, त्यांना केवळ ‘भटके’ म्हणणे म्हणजे त्यांची वाट आपल्याला दिसली नाही, एवढेच सांगणे होय.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ प्रसिद्ध केला. या ग्रंथात त्यांनी या लोकांसाठी ‘फिरस्ते’ हा शब्द वापरला. शब्द तुलनेने सौम्य असला तरी दृष्टी सौम्य नाही. फिरस्त्यांचे ओझे कुणब्याच्या खळ्यावर पडते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्यापूर्वी १९११ मध्ये याच लेखकाचे ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक आले होते. सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या एका जाणत्या मराठी लेखकाच्या लेखणीत चार वर्षांच्या अंतराने हे दोन शब्द यावेत, यावरून तत्कालीन सुशिक्षित समाजाच्या मनात फिरणे आणि गुन्हा यांची सांगड किती घट्ट बसली होती, याची कल्पना येते.

कायद्यातील भटकणे

ही सांगड राज्यकर्त्यांनी घातली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. १९२४ मध्ये तो नव्याने संकलित झाला. अधिसूचित जमातींच्या लोकांनी पोलिसांकडे नाव नोंदवावे, हजेरी द्यावी, परवान्याशिवाय हद्द ओलांडू नये, असे निर्बंध होते. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. एखाद्या व्यक्तीने गुन्हा केला आहे काय, हा प्रश्नच मागे पडला. जन्माने मिळालेली चालण्याची रीत हाच आरोप ठरला.

याच काळात मुंबईत गोरे भटकेही होते. जहाजावरून उतरलेले बेकार खलाशी, नोकरी सुटलेले सैनिक आणि रेल्वेचे कामगार यांच्यासाठी १८७४ चा युरोपीय भटक्यांविषयीचा स्वतंत्र कायदा होता. त्याचा भर त्यांना कामाला लावण्यावर किंवा मायदेशी पाठवण्यावर होता. अशा गोऱ्यांना इंग्रजी कागदपत्रांत ‘लोफर’ म्हटले जाई. हा शब्द पुढे मराठीत रुळला आणि नाक्यावर उभ्या असलेल्या मुलांना लागू झाला. गोऱ्या भटक्याला परतण्यासाठी देश होता, म्हणून त्याची व्यवस्था झाली. देशी भटक्याला कुंपण मिळाले.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. हा दिवस भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, त्यामागची दृष्टी मात्र दोन नव्या कायद्यांत टिकून राहिली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा आणि भीक मागण्यास प्रतिबंध करण्याविषयीचा असे दोन अधिनियम केले. दुसऱ्या अधिनियमातील भिकेची व्याख्या येथे विशेष प्रस्तुत आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने दान मागणे ही भीक ठरली. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भिकेवर जगत असल्यासारखे भटकणे किंवा थांबून राहणे हेही भिकेच्या व्याख्येत आले. वासुदेवाचे गाणे, डोंबाऱ्याचा खेळ, कुडमुड्या जोशाचे भविष्य आणि वैदूंची जडीबुटी यांची यादीच जणू या कलमात दिली आहे. या कायद्याखाली पकडलेल्यांना ठेवण्यासाठीचे चेंबूर येथील भिक्षेकरी गृह मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या.

शब्दाच्या इतिहासातील एक विसंगती येथे लक्षात येते. ‘भिक्षाटन’ आणि ‘पर्यटन’ हे दोन्ही शब्द एकाच ‘अट्’ धातूचे. पहिल्याला १९५९ मध्ये शिक्षा ठरली. दुसऱ्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ स्थापन केले. एकाच धातूच्या दोन अपत्यांपैकी एक गृहात डांबले गेले आणि दुसऱ्यासाठी विश्रामगृहे उभारली गेली.

२१ नोव्हेंबर १९६१

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी निश्चित करण्यात आली. २१ नोव्हेंबर १९६१ हा त्या शासननिर्णयाचा दिनांक. दोन वर्षांपूर्वी ज्या व्यवसायांना कायद्याने भीक ठरवले होते, ते करणाऱ्या समाजांना आता सवलतींसाठी पात्र मानले गेले. राज्याने त्यांना मागासवर्गात स्वतंत्र स्थान दिले, ही महाराष्ट्राच्या सामाजिक धोरणातील महत्त्वाची घटना होय. पुढे आरक्षणाची विभागणी होऊन विमुक्त जाती (अ) ३ टक्के, भटक्या जमाती (ब) २.५ टक्के, (क) ३.५ टक्के आणि (ड) २ टक्के असे एकूण ११ टक्के प्रमाण ठरले. १९८४ मध्ये विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी विकास महामंडळ अस्तित्वात आले.

तथापि, हाच दिनांक पुढे प्रमाणपत्राच्या व्यवहारात कसोटी बनला. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या प्रमाणपत्रासाठी अर्जदाराचे कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ रोजी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वास्तव्यास होते, हे सिद्ध करावे लागते. इतर मागासवर्गासाठी हा दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ आहे. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद असे पुरावे मागितले जातात. शेतकरी किंवा कारागीर कुटुंबाला ही अट अडचणीची असली तरी अशक्य नसते. पालात जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि सातबाऱ्यावर कधीच नाव नसलेल्या आजोबांच्या नातवाला मात्र ती जवळपास अशक्य होते. ‘भटक्या’ असल्याचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी आपण भटकत नव्हतो याचा पुरावा द्यावा लागावा, असा हा पेच आहे. ज्यांना पूर्वी गुन्हेगार म्हणून नोंदवले गेले, त्यांचे नाव निदान जुन्या पोलीस दप्तरात सापडण्याची शक्यता असते. ज्यांच्यावर तो शिक्का बसला नाही, त्यांना तेवढाही आधार नाही.

उपनगरांत हा पेच दुहेरी होतो. साष्टीतील ही गावे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. १९५० आणि १९५७ मध्ये ती टप्प्याटप्प्याने मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गावांच्या सीमेवरील मोकळ्या जागा, जेथे पूर्वी पाले पडत, त्या वसाहतींखाली गेल्या. काही समाज येथेच स्थिरावले. जोगेश्वरी पूर्वेच्या वैदूवाडीचे नावच या स्थिरावण्याची साक्ष देते. अशा वस्तीतील कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी १९६१ चा पुरावा हवा आणि झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घर मिळण्यासाठी आधी १ जानेवारी १९९५ चा व नंतरच्या धोरणानुसार १ जानेवारी २००० चा. पहिला पुरावा नसेल तर ते भटके ठरत नाहीत आणि दुसरा नसेल तर रहिवासी ठरत नाहीत. दोन्ही नसल्यास त्यांच्यासाठी भाषेत कोणताच शब्द उरत नाही.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१७ मध्ये आपले अहवाल सादर केले. या समाजांकडे ओळखीची व वास्तव्याची कागदपत्रे नसणे हा प्रश्न या आयोगांपुढे ठळकपणे आला. राष्ट्रीय पातळीवर नोंदवलेली ही उणीव वैदूवाडीसारख्या वस्तीत प्रत्येक घराच्या अनुभवाची आहे.

भटकंतीचा नवा अर्थ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र याच क्रियापदातून एक प्रसन्न नाम रूढ झाले. ते म्हणजे ‘भटकंती’. गो. नी. दांडेकरांनी आपल्या दुर्गप्रवासाच्या ग्रंथाला ‘दुर्गभ्रमणगाथा’ असे भारदस्त नाव दिले होते. पुढच्या पिढीने ‘भ्रमण’ सोडून ‘भटकंती’ स्वीकारली. मिलिंद गुणाजी यांचा याच नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम घरोघरी पाहिला गेला. उपनगरांत गिर्यारोहकांचे गट उभे राहिले. राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटा, कान्हेरीचा डोंगर आणि लोकलने गाठता येणारे सह्याद्रीचे किल्ले हे त्यांचे क्षेत्र. या भटकंतीने गडांची स्वच्छता, पक्ष्यांच्या नोंदी आणि लेण्यांविषयीची जाण वाढवली, हे मान्य करायला हवे.

परंतु ही भटकंती रविवारी संध्याकाळी संपते. तिला परतण्याचे घर आहे, घराला क्रमांक आहे आणि खिशात ओळखपत्र आहे. त्यामुळेच ‘भटक्या’ या शब्दातील अपमान येथे गळून पडतो. ज्या कान्हेरीच्या वाटेने भिक्षू चारिकेसाठी निघत, त्याच वाटेने तिकीट काढून आजचा हौशी भटक्या जातो. त्याच उद्यानाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, नंदीबैल घेऊन आलेल्या माणसाला पोलीस हटकतो. तिघांच्या चालण्यात फरक कमी आहे. त्यांच्या पत्त्यांत तो अधिक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत घर असूनही ही सवलत मिळत नाही. घराबाहेर अधिक वेळ राहणाऱ्या मुलीला ‘भटकभवानी’ म्हणण्याची रीत मराठी घरांत आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईविषयक अभ्यासात स्त्रीला सार्वजनिक जागेत वावरताना सतत काही प्रयोजन दाखवावे लागते, याकडे लक्ष वेधले आहे. बाजाराची पिशवी, कानाला लावलेला भ्रमणध्वनी किंवा झपझप चाल ही तिची ओळखपत्रे असतात. भटक्या समाजाकडे वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि स्त्रीकडे कामाचा. महदंबेच्या काळी अटन हा ज्या स्त्रीचा आचार होऊ शकत होता, तिच्या वंशजांना विनाकारण फिरण्याची मुभा अजून पूर्णपणे मिळालेली नाही.

भटक्या-विमुक्तांच्या लेखकांनी आपल्या आत्मकथनांना दिलेली नावेही या संदर्भात बोलकी आहेत. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आणि अशोक पवार यांचे ‘बिराड’ यांपैकी एकाही शीर्षकात ‘भटक्या’ हा शब्द नाही. परकेपण, पाठीवरचा संसार, लादलेला आरोप आणि हरवलेले घर हे त्यांचे विषय आहेत. चालणे ही त्यांची व्यथा नव्हती. कुठेही थांबू न दिले जाणे ही व्यथा होती. बाहेरच्या समाजाने चालणे पाहिले आणि तोच शब्द त्यांच्यावर ठेवला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मराठीत भटकण्याच्या क्रियेला स्थिर मूल्य नाही. चारिका, अटन, फेरी, भटकणे आणि भटकंती ही एकाच कृतीची भिन्न सामाजिक नावे आहेत. दुसरा असा की, एकोणिसाव्या शतकातील कायद्याने या कृतीला स्वभाव आणि स्वभावाला गुन्हा ठरवले, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील कल्याणकारी धोरणानेही स्थिर पत्त्याची अपेक्षा सोडली नाही. तिसरा निष्कर्ष प्रत्यक्ष व्यवहाराशी संबंधित आहे. भटकणाऱ्यांचा पुरावा नसतो, ही समजूत इतिहासाला धरून नाही. कान्हेरीच्या दात्यांनी चारी दिशांना पत्ता मानले आणि महानुभावांनी मुक्कामांची पोथी लिहिली. भटक्या समाजांकडेही गावांच्या वाटण्या, यात्रांच्या तिथी, जातपंचायतींची ठिकाणे, ठरावीक घरांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते अशी स्वतःची स्थानपोथी आहे. ती बहुतांशी मौखिक आहे आणि ती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

या मौखिक पुराव्याचे संकलन करणे हे महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या विभागांना सहज शक्य असलेले काम आहे. उपनगरांतील अनेक महाविद्यालयांपासून अशा वस्त्या पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एखाद्या आजीने सांगितलेला गावांचा क्रम, यात्रेतील मुक्काम आणि कुटुंबातील जन्मांची सांगड विद्यार्थ्यांनी लिहून ठेवली आणि ती पडताळणी यंत्रणेने विचारात घेण्याजोग्या रीतीने मांडली, तर तिच्या नातवाच्या दाखल्यासाठी तिचा उपयोग होऊ शकेल. ‘भटक्या’ हा शब्द बदलावा की ठेवावा, याचा निर्णय तो शब्द ज्यांच्या माथी आहे त्या समाजांनीच घ्यायचा आहे. चळवळीने ‘भटके-विमुक्त’ हे नाव स्वीकारून त्यालाच लढ्याचे नाव बनवले, हेही विसरता येत नाही. अभ्यासकांचे काम त्या शब्दामागची वाट नोंदवण्याचे आहे.